खालची ओळ

पेपर चौथा, शंभर गुणांचा:
समकालीन स्पॅनिश भाषिक सिनेमा आणि त्याचा सामाजिक संदर्भ.
निपाणीत हे कुणाला सांगितलं
की आधी विचारतात, नोकरी लागते का,
मग विचारतात, फायटिंग असते का.

मी बाहेरून परीक्षा देते.
दिवसा वखारीच्या ऑफिसात बोदांची नोंद,
कन्नडमध्ये आवक, इंग्रजीत जीएसटी, मराठीत शिव्या.
रात्री लॅपटॉप उघडला की कळांच्या फटीतून
तंबाखूचा खकाणा उडतो.
दोन शिंका,
मग सिनेमा.

खालची ओळ वाचायचं मला अवघड नाही.
आमच्याकडं पाटी अशीच वाचतात:
वर मोठी अक्षरं, ती सरकारची,
खाली बारीक, ती आपली.
एखाद्या नोव्हेंबरात खालची खरवडलेली असते,
तरी माणूस दुकान शोधतोच.

बेळगावच्या वर्गात हत्तरगी सर सांगायचे,
आधी चेहरा बघा, मग ओळ.
सर घरी कन्नड, वर्गात मराठी,
लिंग चुकलं की स्वतःच हसायचे.
"ती सिनेमा" म्हणायचे,
आणि आम्ही वहीत तसंच उतरवून घेतलं.
ती सिनेमा. अजून तसंच आहे.

आजची ती
कुठल्याशा डोंगराळ गावातली,
देश नकाशात बोटाएवढा.
एक बाई ऑफिसच्या दाराबाहेर स्टुलावर बसते.
अकरा मिनिटं.
कॅमेरा हलत नाही, बाई हलत नाही,
एक माशी तेवढी हलते.
मी समासात लिहिलं: प्रतीक्षेचे राजकारण.
खाली रेघ मारली. दोनदा.

तेवढ्यात हुसेनबी खाला आल्या मोबाईल चार्जिंगला लावायला
आणि भिंतीला टेकून बसल्या.
एक्केचाळीस वर्षं बिड्या वळलेला अंगठा
अजून सरळ होत नाही,
मांडीवर सूप नसलं तरी
बोटं आपली काहीतरी वळत राहतात.

"ही बाई कशाला बसलीया?"
"ते दिग्दर्शकाला असं म्हणायचंय की..."
"त्यो ऱ्हाऊ दे. आत सायेब हाय का?"
"असावा. दाखवत नाहीत."
"आमाला तरी कुटं दावायचे."

मग दार उघडलं.
कारकून काहीतरी पुटपुटला, बाई उभी राहिली, बोलली,
आणि नेमकी खालची ओळ आलीच नाही.
फाईलच तशी, मित्रानं पेनड्राइव्हवर दिलेली.
मी मागे घेतलं, पुढे नेलं,
काळ्या पट्टीत नुसता काळा.

खाला ताठ बसल्या.
"पगार म्हनाली ती!"

मी सांगायला लागले, खाला, तिकडं ते क्रियापद,
पगार म्हणजे पैसे देणं, चुकते करणं,
आपल्याकडं शब्द आला पोर्तुगीजांकडून,
गोव्याहून घाट चढून,
चढताना कुठंतरी त्याचं नाम झालं...

"क्रियापद असू दे न्हाईतर काय बी.
मिळाला का न्हाई, तेवढं सांग."

सिनेमा ते सांगत नाही.
थेट ओला रस्ता, रस्त्यावर एक कुत्रं,
मग पांढऱ्या अक्षरांत नावंच नावं.
याला खुला शेवट म्हणतात, मी म्हटलं.
पाच गुणांची टीप येते त्यावर.

खाला बराच वेळ नावं वरवर जाताना बघत बसल्या,
जणू हजेरीपटच,
कुणाचा खाडा मांडलाय ते शोधावं तशा.
मग म्हणाल्या, आमचा कारकून
मूठभर बिड्या छाट म्हणून बाजूला काढायचा.
त्यांचे पैसे नाहीत.
बिड्या मात्र आतच ठेवायचा.
एवढंच म्हणाल्या. पुढचं विचारायला
माझ्याकडं प्रश्न नव्हता,
प्रश्नसंचात तर नव्हताच.

समासातली रेघ मी खोडली नाही.
शेजारी पेन्सिलीनं लिहिलं: आत साहेब आहे का?
परीक्षकाला हे चालेल का, माहीत नाही.

मोबाईल चाळीस टक्के झाला. खाला उठल्या,
उंबऱ्यावर चपला पायानंच चाचपत म्हणाल्या,
"उद्या ती बाई परत येनार आसंल
तर हाक मार मला."