नाव बदलण्याची अट

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट
नाणं गिळल्याशिवाय हलत नाही.
वर जायला वीस टेत्री,
उतरणं फुकट.
एवढ्या दोन ओळींवर मी समाजशास्त्रात एम.ए. करते आहे,
बेचाळिसाव्या वर्षी,
दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत पावत्या फाडून झाल्यावर.

गुराम सर म्हणाले, विषय फार लहान आहे.
मग चष्मा पुसता पुसता म्हणाले,
असू दे लहान,
मोठ्या विषयांवर लोक थापा मारतात.

तर चौदा घरं, चौदा वेळा बूट काढणं,
चौदा वेळा नको म्हटलं तरी पुढ्यात आलेला मुरंबा,
आणि प्रश्न एकच:
सुटे नसतात तेव्हा तुम्ही काय करता?

तिसऱ्या मजल्यावरचा झाउरी म्हणाला,
जिन्याने जातो, पायांना बरं.
त्याच्या पाठीमागे बायको नुसत्या मानेनं नाही नाही म्हणत होती.
पाचव्यावरच्या पोरांनी आधी मला पेन खाली ठेवायला लावलं,
मग नाण्याला भोक पाडून दोरा कसा ओवायचा ते दाखवलं.
सातव्यावरची त्सियाला खाली दारात उभी राहते
कुणीतरी येईपर्यंत,
आणि त्याच्या नाण्यावर चढते.
मी लिहिलं, शेजार.
सरांनी समासात लिहिलं, सामाजिक भांडवल?
प्रश्नचिन्ह त्यांचंच.

नवव्यावर लामारा.
संमतीपत्र मी मोठ्यानं वाचलं:
तुमचं खरं नाव कुठंही छापलं जाणार नाही.
का? मी काय कुणाचं खाल्लंय?
म्हटलं, नियम आहे, एखादं दुसरं नाव सांगा.
ती उठली, गॅस बंद करून आली,
खिडकीपाशी जरा जास्तच वेळ थांबली.
इरमा, म्हणाली.

इरमा, वय अडुसष्ट, निवृत्त शिंपीण.
दिवसातून किती वेळा वर येता?
चारदा.
नाणी कोण देतं?
मीच देते, माझ्याकडे बाटलीभर आहेत.

पुढे आकडे जुळेनात.
त्सियाला म्हणाली, लामारा? चारदा?
अगं, ती द्राक्षं उतरली तेव्हापासून घराबाहेर पडलेली नाही,
तिची पावरोटीसुद्धा मीच पोचवते.
आणि इरमा हे नाव ऐकल्यावर
दाराला टेकली.

धाकटी बहीण.
ज्या हिवाळ्यांत शहरात वीज नव्हती,
लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये महिनोन्‌महिने लटकलेली,
तेव्हाची गोष्ट.
इरमाचं काळीज अधू.
वाढदिवसाला निघाली होती इकडे,
सहाव्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसली,
म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच.

तक्ता क्रमांक चारमधली सरासरी
त्या एका उत्तरानं वर गेली आहे.
असं उत्तर वगळावं, असं पुस्तक सांगतं,
किंवा तळटीप द्यावी.
तळटीप मी तीनदा लिहिली.
पहिली लांबली, दुसरी रडकी झाली,
तिसरीत लामाराचं खरं नाव येत होतं
आणि मी तिला शब्द दिला होता.

मंगळवारी तोंडी परीक्षा.
आदल्या रात्री नवव्यावर जाऊन
तेवढं एक पान तिला वाचून दाखवलं.
ती शिलाईच्या कात्रीनं नखं कापत होती,
ऐकतेय की नाही कळेना.

चारदा लिहिलंस ना?
हो, चारदा.

तिनं नखांचे तुकडे तळहातावर गोळा केले.
पाच कर, म्हणाली.