तेल नको

मंगळवारी तालकावानोत धुकं एवढं
की गोदीतल्या क्रेनना मान नव्हती,
आणि मासळीबाजारामागे समुद्रसिंह
कुणीतरी उधारी बुडवल्यासारखे ओरडत होते.

एदुविना सान्वेसा, वय एकाहत्तर, नंबर सतरा.
बाकावर तीन पोरींच्या मध्ये, पर्स पोटाशी धरून.
पोरींना वाटलं, आजी नातीला घेऊन आली असेल.

आत आली. दार लावलं. पुन्हा ओढून पाहिलं.
मी रक्तदाबाचा पट्टा उचलला.
"तो माझा ठीक आहे," म्हणाली,
"मला ती दुसरी तपासणी हवी. भिंतीवरची."

भिंतीवर विशीतलं जोडपं हसतंय.
बावीस वर्षं मी या खोलीत सुईण आहे,
त्या चित्राखाली चहा पिते,
ते कुणाला दाराबाहेर ठेवतंय
हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

"ब्राउलियो नाव त्याचं. टगबोटीवर इंजिन सांभाळायचा.
बंदरं पुष्कळ पाहिलीत.
मी खोदून विचारत नाही, त्यालाच धड आठवत नसेल."
मग पर्सची कडी दोनदा उघडून मिटत:
"माझा नवरा एकाच बंदरात राहिला,
तरी शहाऐंशी साली मला काहीतरी झालं होतं.
डॉक्टरनं इंजेक्शनं दिली, नाव दिलं नाही.
नवऱ्यानंही नाही.
तिघांनी मिळून ते नाव गिळलं."

शीर सापडेना. कोपराजवळ दोनदा टोचावं लागलं.
ती खिडकीकडे बघत राहिली,
खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं.

खणातून मी पाकिटं काढली तशी हसली,
"आता काय मूल होणार आहे मला!"
मी म्हटलं, मुलाचं नाही हे.
या वयात आतली कातडी पातळ होते,
चटकन चिरते, आजाराला फट मिळते.
ही नळीही ने. पाण्यातली आहे.
तेल लावायचं नाही, तेलानं रबर विरतं.
आणि तीन महिन्यांनी पुन्हा ये,
सगळंच पहिल्या रक्तात दिसत नाही.

तिनं वाण्याची यादी उलटी केली नाही,
कांदे, मैदा, साबण यांच्याच खाली लिहिलं:
तेल नको.

पुढच्या मंगळवारी कागद आला.
बाकी सगळं नाही. एका रकान्यात मात्र आहे.
मी खुर्ची तिच्या बाजूला ओढली.
जुनी खूण आहे, सांगितलं. आजार केव्हाच बरा झालाय,
तुझ्यापासून कुणाला काही नाही.
पण रक्त हिशेब पुसत नाही.
"नाव?"
सिफिलिस.
तिनं ते हळूच म्हणून पाहिलं,
नवी कवळी बसवून पहिला शब्द म्हणावा तसं.
मग जरा मोठ्यानं.
बाहेरच्या पोरी गप्प झाल्या.
"अडतीस वर्षं," ती म्हणाली, "आणि एवढंसंच?"

मला वाटलं होतं रडेल. तिनं किसमिसचं बिस्कीट काढलं,
अर्धं मला दिलं.

ब्राउलियो गुरुवारी आला, एकटाच,
टोपी काखेत, बाही आधीच कोपरापर्यंत गुंडाळलेली.
"तिनं स्वतःचं सगळं सांगितलं. आता माझं बघा."
सुई आत असताना म्हणाला,
"आणि ते तेलाचं मला कशाला शिकवायला लावलंत तिला?
चाळीस वर्षं गास्केटं बदललीत मी.
तेलानं रबर कसं फुगतं
हे तुमच्या आधीपासून ठाऊक आहे मला, बाई."