सहा मिनिटं

ख्रोनिंगनच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
फरशीला चिकटवलेली तीस मीटर निळी पट्टी
आणि दोन टोकांना दोन नारिंगी शंकू.
एवढंच मैदान.
"जमेल तितकं भरभर चाल," रेन्स्के सांगते,
"दमलीस तर थांब. घड्याळ मात्र थांबणार नाही."

हिल्के बुटाची नाडी दोनदा बांधते.
मी उठतो, रेन्स्के हातानेच मला खाली बसवते.
सोबत चालायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत.
ती स्वतःसुद्धा दर मिनिटाला
कागदावर छापलंय तेवढंच बोलणार:
छान चाललंय. अजून पाच मिनिटं.

इतक्या थोड्या शब्दांत माझं कधी भागलं नाही.
जपून. पळू नकोस. पोटाला लागेल.
शाळेला चिठ्ठी, खेळाच्या तासाला सूट.
बाकावर बसून ती इतरांची जाकिटं सांभाळायची,
घरी आल्यावर सांगायची कुणाच्या खिशात काय होतं:
चेस्टनट, च्युइंगम,
एकदा जिवंत गोगलगाय.

काळजाचा तुकडा म्हणतात ना,
तो मी वजनाने दिलेला आहे.
दोनशे सत्तर ग्रॅम, चौदा महिन्यांच्या पोरीला.
माझं उरलेलं वाढून पुन्हा पुरतं झालं,
तिच्यातलं तिच्यासोबत वाढतंय.
दोन्ही तुकडे निमूट कामाला लागले.
भीती तेवढी अख्खी माझ्याकडे राहिली,
तिच्यावर कुणी सुरी चालवली नाही.

छान चाललंय. अजून दोन मिनिटं.
गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले.
मी सवयीने तिच्या डोळ्यांतलं पांढरं बघतो:
पांढरंच आहे.

पाचशे अठरा मीटर.
"नऊ वर्षांच्या मानाने कमी," रेन्स्के लिहिता लिहिता म्हणते,
"यकृत ठणठणीत आहे. पाय बसून राहिलेत."
मग माझ्याकडे न बघता,
"चिठ्ठ्या आता पुरे."

परतताना कालव्याकाठी वारा समोरून,
उत्तरेचा, अडवायला झाड नाही की टेकडी.
इथले बाप शेजारून सायकल चालवत
पोराच्या पाठीवर हात ठेवून त्याला रेटत नेतात.
तिच्या पाठीवरची ती जागा
माझ्या तळव्याला अंधारातही सापडेल.
पुलाच्या चढाआधी मी हात काढून घेतला.
सांगितलं नाही.

ती डुलली, शिवीसारखं काहीतरी पुटपुटली,
उभी राहून पॅडल मारू लागली.
अर्ध्यात उतरली, सायकल ढकलत वर गेली
आणि धापा टाकत कठड्याला टेकली.

माझा चढ संपेना.
तोंडात वारा, मांड्यांत शिसं.
नऊ वर्षं त्याच बाकावर मीही होतो की.
वरून तिचा आवाज आला,
सपाट, अगदी कागदावरचा:
छान चाललंय.
अजून एक मिनिट.