पांढऱ्या पेशींचं ठीक होतं

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
ह्यूई गिल्फिलन बाही वर सारून बसायचा.
खुर्चीत मावेनासा होत गेला, पण दिवस चुकवला नाही.
मी सुई टोचायचे, तो खिडकीतून टे नदीकडे बघायचा,
म्हणायचा, "सिस्टर, आज पाणी शिसपेन्सिलीच्या रंगाचं आहे,"
आणि ते असायचंच.

अकरा वर्षं मी त्याचं रक्त घेतलं.
अकरा वर्षं त्या रक्ताला आम्ही एकच विचारलं:
पांढऱ्या पेशी शाबूत आहेत ना?
आहेत, ते म्हणायचं. मग गोळी चालू ठेवा.
साखरेचं त्याला कुणी विचारलं नाही,
चरबीचं नाही.
त्याच दंडात वाहत होतं सगळं,
माझ्या बोटांखालून.

गोळी चांगली होती, खोटं कशाला बोलू.
भिंतीतली बाई तिनेच गप्प केली.
वीस वर्षांनी ह्यूई दुकानात जाऊन
स्वतःच्या तोंडाने पाव मागू लागला.
पण भूक आली ती अशी, की पोटाला बूडच नाही.
रात्री दोनला फ्रिजच्या उजेडात उभा,
हातात कालचे गार चिप्स.
पहिल्याच वर्षी अठरा किलो.
आम्ही म्हणालो, तब्येत भरली.

त्याची आई डंडीच्या तागाच्या गिरणीत होती,
गिरण्या होत्या तोवर.
म्हणून नोव्हेंबरात तो म्हणाला,
"जिना चढलो की छातीवर कुणीतरी ओलं पोतं ठेवतं."
दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं
तर पाच मिनिटांत छातीला तारा लागल्या असत्या.
ह्यूईच्या कागदावर लिहिलं गेलं:
स्पर्शाचे भास. डोस वाढवावा?
प्रश्नचिन्हासकट.
प्रश्नचिन्हाखाली सही आहे, ती माझी.

वेड्याच्या घराला आग लागली
तरी लोक म्हणतात, दिवे लावलेत.

हिलटाउनच्या इमारतीत,
चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे सापडला.
वय एक्कावन्न.
पिशवीत दुधाची बाटली, न सांडलेली.
रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला.
पांढऱ्या पेशींचं ठीक होतं.

आता माझ्या ड्रॉवरमध्ये शिवणाची फीत असते.
क्लिनिकची कागदी होती, फाटली. ही माझ्या आईची.
आता मी एकाऐवजी तीन नळ्या भरते,
फॉर्मवरच्या सगळ्या चौकटींत खुणा करते.
लॅबमधून फोन येतो, कुरकुर होते.
होऊ दे.

मर्डिना तेहतीसची. कंबर एकशे आठ,
दिवसाला तीस सिगारेटी.
"माझं डोकं बघायचं सोडून
परकराचं माप कशाला घेतेस?"
मी म्हणते, डोकं काय एकटं राहतं?
त्याच्या खालच्या मजल्यांवर कोण राहतं, बघायला नको?
ती हसते. मग हसायची थांबते.
सिगारेट सोडणार नाही म्हणते. मी म्हणते, पंचवीस.
ती म्हणते, अठ्ठावीस, आणि रविवार मोजायचा नाही.
कबूल.
पण एकदम सोडलीस तर आधी मला सांग,
धूर गेला की हीच गोळी अंगात जास्त चढते,
माप बदलावं लागेल.
हे तिला आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं.
ह्यूईला मीही सांगितलं नव्हतं.

गुरुवारी आम्ही दोघी नदीकाठाने चालतो.
तिच्या पायात भावाचे जुने बूट,
पुढे वर्तमानपत्र कोंबलेले.
पुलाच्या पायऱ्यांवर ती मधेच थांबते, कठडा धरते.
काय झालं?
"काही नाही. छातीत एक कबूतर आहे."

पूर्वी मी विचारलं असतं,
ते तुझ्याशी बोलतं का?

आता विचारते,
कधीपासून आहे?
बसलीस की शांत होतं का?
डाव्या हाताकडे उडतं का गं ते?

ती पायरीवर बसते, वाऱ्यात, डोळे मिटून,
आणि पहिल्यांदाच कुणीतरी खरं विचारल्यासारखं
नीट आत बघून सांगू लागते.