हिशोब लागेपर्यंत

नाशिकरोडच्या छापखान्यात बाबांनी तेहतीस वर्षं ताव मोजले.
आत किती गेले, बाहेर किती आले.
मधे यंत्राच्या पोटात काय चालतं
ते बघायची त्यांना परवानगी नव्हती.
एक ताव कमी भरला तर आरडाओरडा नाही, काही नाही,
फक्त फाटक उघडायचं नाही.
सोनवणेकाकांचा साखरपुडा असाच एकदा
त्यांच्याविना उरकला.

आता जेल रोडच्या या दोन खोल्यांत
मी तेच करते.
दोन कण आत, दोन कण बाहेर.
मधलं मला ठाऊक नाही
आणि ठाऊक असल्याचं सोंग करायचं नाही, एवढं ठरवलंय.
क्षेत्रं नकोत, आकृत्यांचं जंजाळ नको.

बाबा चहाचा कप बशीसकट कागदांवरच ठेवतात.
“एवढ्यावर निघतं?”
एवढ्यावरच काढायचंय.
सगळ्या शक्यता मिळून एक, कमी नाही, जास्त नाही.
फलाटावरून बघा की सुटलेल्या पंचवटी एक्सप्रेसमधून,
उत्तर बदलता कामा नये.
सिन्नरला काय आदळतंय त्याचा इथल्या टकरीला पत्ता नको.
आणि मधला कण जेव्हा क्षणभर खरोखरचा होतो,
स्वतःच्या पायांवर उभा राहतो,
तेव्हा अख्खा आयाम तिथेच दुभंगावा
दोन लहान, ओळखीच्या आयामांत.

“आणि काहीच घडलं नाही तर? आले तसे गेले?”
तेही मोजायचं.
“मग बरोबर,” बाबा म्हणाले.
“आम्ही रद्द ताव आधी मोजायचो.”

तीन कणांचं सोपं असतं, तिथे निवडीला जागाच नसते.
चारांवर अडतं.
एका बाजूनं तोडलं की एक उत्तर,
दुसऱ्या बाजूनं तोडलं की तेच, पण उणे.
बिटकोच्या चौकात रात्रभर ट्रक गिअर बदलत होते
आणि मी त्या उणेमागे.

तिसऱ्या रात्री घेतला वस्तुमान नसलेला, फिरकी दोनचा कण.
प्रत्येकाशी तो वेगळ्या जोरानं जोडला.
याला एक अक्षर, त्याला दुसरं, हौसेनं मांडलेली बाराखडी.
पहाटे चारला त्यातलं एकच उरलं.
सगळ्यांशी जोर सारखा,
नाहीतर कुणाशीच नाही.

बाबांना उठवून सांगितलं
की गुरुत्वाला कुणाला वगळता येत नाही.
जड, हलकं, धूळ, उजेड, कुणालाच.
ते अंथरुणात बसून राहिले.
“हे ठरवलं कुणी?”
कुणीच नाही, बाबा.
तसं नसेल तर हिशोब लागत नाही.

त्यांचे वडील अठराव्या वर्षी
पंचवटीतल्या एका बंद दारासमोर उन्हात बसले होते.
त्याबद्दल बाबा काही बोलले नाहीत.
मीही नाही.

मग उठले, चष्मा लावला,
अंगठा ओला करून माझे कागद मोजायला लागले,
खोडलेलेसुद्धा.
“त्रेचाळीस. शेवटच्यावर आकडा चव्वेचाळीस आहे.”
असेल इथेच कुठेतरी.
“असेल नाही,” म्हणाले, आणि दाराला कडी घातली.

बशीखाली होता.
चहाचा गोल डाग,
आणि डागाच्या आत, जराशी पसरलेली,
ती उणेची रेघ.