पोटाकडून

सराफ्यातल्या गेंदालालकडून मागून आणलेला
अंगठ्या धरायचा छोटा शिकंजा
टेबलाच्या कडेला आवळला.
त्याच्या दाढेत बाराव्या नंबरचा गळ.
गळाचा उलटा काटा कानशीने आधीच घासून टाकलाय,
धरायचं, पण अडकवून ठेवायचं नाही.

काळा दोरा. सात वेढे, मग आणखी सात.
फोमची पट्टी सुनेच्या तुटक्या स्लिपरची,
रुंदी करंगळीच्या नखाएवढी.
राळामंडळच्या वाटेवर सापडलेल्या मोरपिसाचे
चार तंतू, ओले करून,
म्हणजे गुंडाळताना तुटत नाहीत.
हे पोट.
आता पट्टी मागून पुढे दुमडायची
आणि डोक्यामागे दोऱ्याने कचकून बांधायची.
तेवढ्या एका आवळण्यात
स्लिपरचा भुंगेरा होतो.

एकतीस वर्षं मी खरे टोचले.
कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खोलीत,
डांबरगोळ्यांच्या वासात.
ताम्हनकर मॅडमनी शिकवलेलं :
टाचणी उजव्या पंखात, मधोमध कधीच नाही,
पाय अंगाशी जुळवून,
खाली चिठ्ठी, गाव, तारीख, कुणी पकडला.
पकडणारा बहुतेक मीच.
नाव मॅडमचं.
पेट्यांना काच वरून होती,
त्यामुळे पाठी मला तोंडपाठ :
तांबूस, शेणाळ, हिरव्या,
एक तर थेट बँडवाल्याच्या कोटाचं बटण.

तसाच एक बनवला. पाठीला सुनेचं नेलपॉलिश,
दोन हात, चकचकीत.
चोरल नदीवर गुलसिंगला दाखवला
तर तो विडी विझवून हसला.
"बाबूजी, मछली ऊपर से थोड़ी देखती है."

त्या रात्री काचेचं मोठं भांडं,
दोन स्टुलांच्या मधल्या फटीवर.
भांड्यात पाणी, पाण्यावर माझा भुंगेरा,
वर ट्यूबलाइट, खाली फरशीवर मी उताणा.
सून धावत आली. बाबा, चक्कर आली का?
म्हटलं, थांब जरा. मासा आहे मी.

खालून ना तांबूस, ना हिरवं.
नेलपॉलिश तर कुठल्या कुठे.
एक काळा ठिपका, कडेने उजेड,
आणि पाय असते तर जिथे टेकले असते
तिथे काहीच नाही, सपाट पाणी.
मी पाय लावलेच नव्हते.
सवय. इतकी वर्षं चिमट्याने आत दुमडत आलो.

आता मोज्यातला रबरी धागा काढून
सहा पाय बांधतो, ऐसपैस,
पाण्याला सहा खळ्या पाडणारे.
पाठीवर केशरी फोमचा एक तुकडा,
तो माशासाठी नाही,
माझ्या मोतीबिंदूसाठी.

रविवारी जांभळीच्या सावलीत टाकला.
इतका अलगद उतरला की मलाच कौतुक वाटलं.
बाडस वर आला. हातभर तरी असेल.
केशरी ठिपक्याच्या बरोब्बर खाली थांबला,
पोटाकडून सगळं नीट बघितलं त्याने
आणि गेला, घाई न करता.

मी पायांकडे बघतोय, लांबी चुकली का.
गुलसिंग म्हणाला, "गलती कीड़े में नहीं.
पेड़ से गिरा हुआ कीड़ा ऐसे बैठता है क्या?
पटको."

म्हणून आठवडाभर, लोकमान्य नगरच्या गच्चीवर,
सहा वाजता, उन्हं उतरली की,
वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे एक बादली ठेवून
मी पडायचा सराव करतोय.
शेजारच्या पोतनीस वहिनी कठड्याला टेकून मोजतात.
अलगद. अलगद. बादलीबाहेर.
अलगद.
टप्.