एक इंच माया

भिशीचे बेचाळीस हजार पर्समध्ये,
पर्स पोटाशी धरून मी
आणि ऋजुता पद्मावतीच्या थांब्यावर उतरलो.
नाव ऋजुता. पुढचे दात मात्र
सिग्नल बंद पडल्यावर स्वारगेटला गाड्या घुसतात तसे,
जो तो मिळेल त्या फटीतून.

धनकवडीच्या दवाखान्यात म्हणाले होते,
सगळं आत्ताच लावून टाकू, ताई,
महिनाअखेरपर्यंत वीस टक्के सूट.
सूट या शब्दाला मी भुलत नाही,
दिवाळीआधी मीही तशी पाटी लावते.
तरी पैसे घेऊनच निघाले होते.

मुनोत बाईंनी आधी तिची इयत्ता विचारली,
मग, अंगठा चोखायचीस का, कधी सोडलंस,
मग मलाच, तुमची पाळी कितव्या वर्षी आली?
दातांचा आणि त्याचा काय संबंध!
"वाढ कधी उसळी घेईल, थोडा अंदाज येतो."
एक्स-रे उजेडावर धरला.
हिरडीच्या आत, अजून न आलेले दात,
माळ्यावर पालथ्या घालून ठेवलेल्या
वाट्यांसारखे.

"हा एक वरचा दात खालच्याच्या मागे अडकतोय.
तेवढाच आत्ता. काढता-घालता येणारी प्लेट, सहा-आठ महिने.
तारा आज नकोत. दुधाचे दात अजून पडायचेत,
जबडा वाढायचाय. सहा महिन्यांनी दाखवून जा,
बाकीचं अकराव्या-बाराव्या वर्षी बघू."

ऋजुताचं तोंड उतरलं.
वर्गातल्या शनायाच्या तारांना जांभळी रबरं आहेत,
ही महिनाभर रंग ठरवून बसली होती.

"पण उशीर नाही ना होणार?" मी विचारलं,
आणि माझ्याच आवाजात गिऱ्हाईक ऐकू आलं,
ताई, परवा साखरपुडा, उद्या द्याल ना ब्लाऊज?
मी दरवेळी सांगते,
कापड आधी पाण्यातून काढू द्या,
आटायचं ते आटू दे,
मग कात्री.

बिल सात हजार. उरलेले मोजताना
बाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे तोंडाकडे.
हसू आलं की ओढणी आपोआप वर जाते माझी.
"तुमचंही होतं बरं का.
हिरड्या धड असल्या की वयाचं काही नसतं."
एकोणचाळीस वर्षं. लग्नाच्या अल्बममध्ये
एकाही फोटोत माझे दात नाहीत.
"आधी हिचं," मी म्हटलं.
ते खरं होतं.
पळवाटही होती.

रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून
तिचा गणवेश उसवायला घेतला.
जूनमध्ये कडेला एक इंच माया ठेवली होती.
त्याआधीच्या वर्षी हौसेनं अगदी अंगाबरोबर शिवला,
दिवाळीच्या आत काखेत फाटला.
तारखेचं कार्ड बॉबिनांच्या डब्यात टाकलं,
ब्लेडनं एकेक टाका सोडवत बसले.
शेजारी ऋजुता हातआरशात बघत
हलणारा दात जिभेनं ढकलत होती.

"बोट लावू नकोस. पडेल त्याच्या वेळेला."
"आणि तुझा तो वाकडा?"

एकोणीस वर्षं
मी दोरा त्याच दातानं तोडते.
आत्ताही टोक तिथंच धरलेलं,
म्हणून उत्तर दिलं नाही.